वाचक विचारतात : पश्चिम आफ्रिकेची वस्त्रे आणि त्यांचे अर्थ

गेल्या अंकात गोव्याच्या कुणबी साडीविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आले होते, की पश्चिम आफ्रिकेतले विणकर हाताच्या पंजाएवढ्या रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या विणतात आणि त्या एकमेकींना शिवून मोठे वस्त्र तयार करतात. त्या वाक्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा, असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘देशोदेशीचे पेहराव’ असा कार्यक्रम आहे. आफ्रिकेसाठी मुलांना पानांचे घागरे नेसवून आणि अंगाला काजळ फासून उभे करावे, असे काही सहकारी सुचवतात. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय घालावे हेही सांगता येत नाही. (एक शिक्षिका, साखळी)

आपल्याला ते पटत नाही हे योग्यच आहे आणि सहकाऱ्यांनाही आपण ते ठामपणे सांगावे. पानांचे घागरे आणि काजळ हा पश्चिम आफ्रिकेचा पेहराव नव्हे. वसाहतकाळातल्या युरोपीय प्रदर्शनांनी, चित्रपत्रांनी आणि पुढे चित्रपटांनी पसरवलेली ती प्रतिमा आहे, आणि ज्या लोकांवर राज्य करायचे त्यांना रानटी ठरवणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते म्हणून ती इतकी पसरली. वस्तुस्थिती अशी, की माली देशातल्या बांदियागारा कड्यांच्या गुहांत मृतांबरोबर ठेवलेली सुती आणि लोकरी कापडे सापडली असून त्यांतली सर्वांत जुनी अकराव्या शतकातली आहेत. म्हणजे गोव्यात कदंबांचे राज्य होते त्या काळी तिकडे माग चालत होते आणि त्या कापडांवर निळीची रंगाईही होती.

दुसरी गोष्ट अशी, की ‘आफ्रिकेचा पेहराव’ असे काही नसते. सेनेगलपासून नायजेरियापर्यंतच्या पश्चिम भागातच पंधरा-सोळा देश आहेत आणि त्यांत शेकडो भाषा बोलणारे समाज राहतात. तेव्हा एक देश आणि शक्य तर एक समाज निवडावा. घानाचा उत्तर भाग निवडल्यास मुलांना जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा, खाली घेर असलेला सैल अंगरखा घालता येईल. त्याला तिकडे फुगू किंवा बाटाकारी म्हणतात. मुलींसाठी छापील सुती कापडाचे दोन तुकडे पुरतात, एक कमरेला गुंडाळायला आणि एक डोक्याला बांधायला, आणि त्यांवर त्याच कापडाचे पोलके. मुलांच्या अंगाला काहीही फासण्याची गरज नाही. मूल मंचावर आले की देशाचे, समाजाचे आणि वस्त्राचे नाव निवेदनात स्पष्ट सांगावे. प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना ती नावे आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळतील.

केंटे हे वस्त्र नेमके कसे विणतात? त्यातल्या प्रत्येक रंगाला ठरलेला अर्थ असतो असे वाचले, ते खरे आहे का? आणि ते कोणीही वापरावे का? (हातमागाची आवड असलेले वाचक, म्हापसा, याच विषयावर पर्वरी आणि वास्को येथूनही पत्रे आली आहेत)

केंटे हे प्रामुख्याने घानातल्या असान्ते आणि घाना-टोगो सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या एवे या दोन समाजांचे वस्त्र आहे. असान्ते परंपरेतले सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे कुमासी शहराजवळचे बोनविरे. तेथे सांगितली जाणारी कथा अशी, की दोन तरुणांनी रानात कोळ्याला जाळे विणताना पाहिले आणि घरी येऊन त्याचे अनुकरण केले. अनान्से हा कोळी त्या प्रदेशाच्या लोककथांचा चतुर नायक असल्यामुळे विणकामाचे श्रेय त्याला मिळणे स्वाभाविकच होते.

माग लाकडी चौकटीचा असतो आणि विणकर त्या चौकटीच्या आतच बसतो. उभे धागे त्याच्यासमोर बरेच लांबपर्यंत ताणलेले असतात आणि त्यांचे दूरचे टोक दगडाचे ओझे ठेवलेल्या फळीला बांधलेले असते. विणकाम पुढे सरकते तशी ती फळी जमिनीवरून घसरत विणकराकडे येते. वया, म्हणजे उभे धागे वर-खाली करणारे दोऱ्यांचे फास, हलवणाऱ्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरतात. पट्टी साधारण 10 सेंटिमीटर रुंद होते. वयांच्या दोन जोड्या आळीपाळीने वापरल्यामुळे एकाच पट्टीत कधी उभ्या धाग्यांचे पट्टे दिसतात, तर कधी आडव्या धाग्यांचे भरीव ठोकळे दिसतात. पुरुषाच्या पूर्ण वस्त्राला अशा सुमारे दोन डझन पट्ट्या लागतात आणि त्या जोडताना ठोकळे एकमेकांच्या बाजूला अचूक यावेत, हे शिवणाऱ्याचे कौशल्य असते. शेकडो ठोकळ्यांचा तो पट तयार झाल्यावर मुळात तो सुट्या पट्ट्यांचा होता, हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

असान्ते दरबाराला रेशमाची आवड होती, पण तेथे असे रेशीम तयार होत नव्हते. म्हणून अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांकडून रेशमी कापड विकत घेऊन ते धागा-धागा उसवले जाई आणि तेच धागे पुन्हा मागावर चढत. कोणत्या नमुन्यांवर राजाचा हक्क आहे हेही दरबार ठरवी. एवे विणकरांची रीत निराळी आहे. त्यांच्यावर असा एका सिंहासनाचा वरचष्मा नव्हता, त्यांनी सूत अधिक वापरले आणि पट्टीत पक्षी, मासा, फणी, बसायचे चौरंग, माणसाचा हात अशी ओळखू येणारी चित्रे विणली. मला व्यक्तिशः जुनी एवे वस्त्रे अधिक आवडतात, कारण त्यांत विणकराची स्वतःची निवड दिसते.

रंगांविषयी आपण जे वाचले ते अर्धेच खरे आहे. सोनेरी-पिवळा वैभवाचा, हिरवा वाढीचा आणि नव्या पिकाचा असे संकेत आहेत, परंतु प्रत्येक रंगापुढे एक शब्द लिहिलेले जे तक्ते सर्वत्र फिरतात ते फार ढोबळ असतात. असान्ते परंपरेत वस्त्राला नाव मिळते ते बहुधा उभ्या धाग्यांच्या पट्ट्यांच्या रचनेवरून, आणि ते नाव एखाद्या राजघराण्याचे, घटनेचे किंवा म्हणीचे असते. ‘सिका फुतुरो’ म्हणजे सोन्याची भुकटी. ‘आदविनासा’ म्हणजे माझे सारे कसब येथे संपले. एका नमुन्याची हकिकत तर राजकीय इतिहासच आहे. घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी 1957 च्या अखेरीस फातिया या इजिप्शियन तरुणीशी विवाह केला, तेव्हा एका नमुन्याला ‘फातिया एन्क्रुमांना शोभते’ असे नाव पडले. फेब्रुवारी 1966 मध्ये एन्क्रुमा यांची सत्ता उलथली आणि त्याच नमुन्याला लोक ‘एकटा माणूस देश चालवत नाही’ या म्हणीच्या नावाने ओळखू लागले. धागे तेच राहिले, परंतु नेसणारा काय म्हणतो आहे ते बदलले.

याच एन्क्रुमा यांनी 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री देशाचे स्वातंत्र्य जाहीर केले तेव्हा केंटे नव्हे, तर वर सांगितलेला उत्तरेचा फुगू घातला होता. दक्षिणेत जन्मलेल्या नेत्याने त्या क्षणी उत्तरेच्या साध्या माणसाचा अंगरखा निवडावा आणि परदेशी पाहुण्यांसमोर इतर प्रसंगी केंटे पांघरावे, यामागे देश एक करण्याचा विचार होता. मला ही निवड फार मोलाची वाटते.

केंटे नेसण्याची पुरुषांची रीत अशी, की वस्त्र अंगाभोवती घेऊन डाव्या खांद्यावर टाकायचे आणि उजवा खांदा उघडा ठेवायचा. मोठ्या मानाच्या व्यक्तीला सामोरे जाताना वस्त्र खांद्यावरून खाली घेतात आणि पायतण उतरवतात. स्त्रिया बहुधा दोन तुकडे वापरतात.

कोणीही वापरावे का, याचे माझे उत्तर असे: हाताने विणलेले केंटे विणकराला त्याचे मोल देऊन घेतले आणि आनंदाच्या, मानाच्या प्रसंगी वापरले, तर घानातल्या लोकांना त्याचे कौतुकच वाटते. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीदानाला केंट्याची पट्टी गळ्यात घालतात आणि ती त्यांनी स्वतः जोपासलेली प्रथा आहे. उलट जून 2020 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी केंट्याच्या पट्ट्या घालून गुडघे टेकले तेव्हा आफ्रिकेतूनही टीका झाली, कारण उत्सवाचे वस्त्र तेथे राजकीय देखाव्याला वापरले गेले असे अनेकांना वाटले. केंट्याची नक्कल म्हणून छापलेले यंत्रावरचे कापड मात्र मी घेणार नाही. कुणबी साडीच्या चौकडीची यंत्रमागावरची नक्कल स्वस्तात मिळू लागली की हातमागावरच्या विणकराचे काय होते, हे आपण गोव्यात जाणतो. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली ही चांगली गोष्ट आहे, परंतु विणकराचे घर गिऱ्हाइकाने दिलेल्या दामावरच चालते.

त्या भागात दुखवट्याची वस्त्रे कोणत्या रंगाची असतात? (एक वाचक, काणकोण)

आपल्याकडे एकाच वाड्यावर कोणी पांढरे नेसते आणि कोणी काळे, तसे तेथेही समाजागणिक वेगळे आहे. असान्ते लोकांत अंत्यविधीला लाल, काळी आणि गडद तांबूस-तपकिरी वस्त्रे नेसतात, परंतु खूप वृद्ध माणूस भरल्या घरातून गेला तर आभारप्रदर्शनासाठी पांढरे नेसण्याचीही चाल आहे. दुखवट्याच्या वस्त्रांतच आडिन्क्रा मोडते. भोपळ्याच्या वाळक्या कवटीवर कोरलेल्या ठशांनी, झाडाची साल उकळून दाट केलेल्या काळ्या रंगात बुडवून, कापडावर चिन्हे उमटवतात. मागे वळून पाहणारा ‘सान्कोफा’ पक्षी हे त्यांतले सर्वांत परिचित चिन्ह. राहिलेले परत जाऊन आणण्यात गैर नाही, असा त्याचा अर्थ आहे. टॉमस बाउडिच या इंग्रज अधिकाऱ्याने 1817 मध्ये कुमासीहून नेलेले आडिन्क्रा वस्त्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आजकाल ही चिन्हे भिंतींवर, दागिन्यांवर, सगळीकडे दिसतात आणि आडिन्क्रा लग्नातही वापरतात.

चिखलाने कापड रंगवतात असे ऐकले. यामागचे रसायनशास्त्र काय? आमच्या डिचोली-सत्तरीच्या खाणींच्या लाल मातीने तसे रंगवता येईल का? (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा)

आपण म्हणता ते मालीच्या बामाना समाजाचे बोगोलानफिनी. यात कापड विणतात पुरुष, तेही अरुंद पट्ट्यांचे, आणि रंगवण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. आधी कापड एका झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवून उन्हात वाळवतात, त्यामुळे ते पिवळे होते. हे झाड आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचे सख्खे भावंड आहे. त्याच्या पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. मग तळ्याच्या तळातून आणलेला आणि मडक्यात महिनोन्महिने मुरवलेला चिखल काडीने किंवा धातूच्या पातळ पट्टीने कापडावर लावतात. चिखलातले लोह आणि कापडातले टॅनिन यांचा संयोग होऊन काळा रंग धाग्यात पक्का बसतो. चिखल धुऊन टाकल्यावर तो काळेपणा मागे उरतो आणि रंग गडद करण्यासाठी हीच क्रिया पुन्हा करतात.

यातली अवघड गोष्ट अशी, की स्त्री नक्षी काढत नाही, नक्षीभोवतीची सगळी जागा काळी करते. पिवळी राहिलेली नक्षी अखेरीस दाहक साबणाच्या लेपाने पांढरी केली जाते. हात किंचित चुकला तर रेघ पुन्हा उजळ करता येत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. आपल्या खाणींच्या मातीत लोह विपुल आहे, परंतु ते पूर्ण ऑक्सिडीभूत, म्हणजे गंजाच्या रूपातले आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे टॅनिनशी नीट संयोग पावत नाही. त्या मातीने कापडावर तांबूस डाग पडेल, काळा रंग चढणार नाही. तळ्याच्या तळाशी, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, सूक्ष्म जीवांच्या क्रियेने लोहाचे विद्राव्य रूप तयार होते, आणि मडक्यात मुरवताना ते टिकून राहते. आपल्याला प्रयोग करायचाच असेल तर हिरड्याच्या काढ्यात सुती कापड बुडवून वाळवावे आणि त्यावर गुळाच्या पाण्यात आंबवलेल्या लोखंडी तुकड्यांचे पाणी लावावे. कलमकारीचे कारागीर काळी रेघ याच रीतीने काढतात. दोन्हीकडची सामग्री वेगळी असली तरी रासायनिक क्रिया एकच आहे.

या वस्त्राचे महत्त्व रंगापुरते नव्हते. मुलीच्या वयात येण्याच्या विधीनंतर आणि बाळंतपणानंतर स्त्रिया ते नेसत, आणि शिकारी त्याचे अंगरखे घालत. शरीराला धोका असलेल्या, रक्ताशी संबंधित अशा प्रसंगांत ते राखण करते, अशी श्रद्धा होती. नक्षीतल्या प्रत्येक आकृतीला नाव होते आणि ते आई मुलीला शिकवी. मालीचे वेशरचनाकार क्रिस सेयदू यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोगोलानचे कोट आणि घट्ट बसणारे झगे शिवून ते पॅरिसपर्यंत नेले. त्यानंतर मालीची राजधानी बामाको येथे तरुण पुरुषही हे काम करू लागले आणि नक्षी सोपी झाली. जुन्या अर्थांची झीज झाली याचे मला वाईट वाटते, तथापि ज्या कलेला गिऱ्हाईकच उरले नसते ती केवळ श्रद्धेवर टिकली असती, असेही मी म्हणणार नाही.

नीळ तिकडेही होती का? (एक वाचक, पेडणे)

होती, आणि उत्तम होती. नायजेरियातल्या कानो शहरातले कोफार माता येथील निळीचे रंगहौद 1498 पासूनचे असल्याचे सांगतात. सहाराच्या तुआरेग समाजात पुरुष तोंड झाकतात, आणि त्यांच्या निळ्या फेट्याच्या कापडाला निळीची इतकी पूड कुटून बसवलेली असते की ती कातडीला लागते. नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या स्त्रियांचे ‘आदिरे’ हे निळीचेच कापड आहे; त्यात ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाच्या खळीने नक्षी काढतात, मग कापड निळीत बुडवतात, आणि खळ लागलेली जागा फिकट राहते. अबेओकुटा आणि ओशोग्बो ही त्याची गावे.

पोर्तुगिजांनी गोव्यावर राज्य केले तसे पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांवरही केले. या दोन किनाऱ्यांमध्ये कापडाचा काही संबंध होता का? (निवृत्त शिक्षक, मडगाव)

होता, आणि तो केवळ कौतुकाने सांगण्यासारखा नाही. पोर्तुगीज जहाजे 1440 च्या दशकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचली, म्हणजे गोवा घेण्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी. केप व्हर्दे बेटांवर 1462 च्या सुमारास वस्ती झाली आणि तेथे मुख्य भूमीवरून पकडून आणलेल्या विणकरांकडून कापूस आणि निळीची पट्टीदार वस्त्रे विणून घेण्यात येऊ लागली. ही वस्त्रे इतकी चांगली होती की ती चलनासारखी चालत, आणि गिनीच्या किनाऱ्यावर त्यांच्या मोबदल्यात आणखी माणसे विकत घेतली जात. गुलाम विणकराच्या हातचे कापड दुसऱ्या माणसाच्या गुलामगिरीची किंमत ठरावे, याहून कठोर गोष्ट कापडाच्या इतिहासात मला माहीत नाही. गिनी-बिसाऊमध्ये मांजाको आणि पापेल समाज आजही तशी पट्टीदार वस्त्रे विणतात, आणि लग्न व अंत्यविधी त्यांच्याविना होत नाहीत.

भारतीय कापड याच व्यापारात ओढले गेले. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड लिस्बन, ॲमस्टरडॅम, लंडन अशा बंदरांतून पश्चिम आफ्रिकेत जाई, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत गुलामांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात त्याचा वाटा मोठा होता. तेथील गिऱ्हाईक चोखंदळ होते. पोत, रंग, वास मनासारखा नसेल तर ते माल परत करीत, आणि युरोपीय नकला त्यांना कित्येक वर्षे फसवू शकल्या नाहीत. पुद्दुचेरीचे निळीत रंगवलेले कापड फ्रेंच व्यापारी सेनेगल नदीच्या खोऱ्यात डिंकाच्या बदल्यात देत. तो डिंक युरोपातल्या कापड छापण्याच्या कारखान्यांना खळीसाठी हवा असे. आपले विणकर आणि रंगारी यांना आपले कापड कोठे जाते हे बहुधा माहीत नव्हते, पण या इतिहासात त्यांच्या श्रमाचे स्थान आहे आणि ते आपण माहीत करून घ्यायला हवे.

या संबंधाचा एक उजळ भागही आहे. नायजेरियाच्या नायजर त्रिभुज प्रदेशातल्या कालाबारी समाजाने मद्रासचे चौकडीचे कापड इतके आपले केले, की ‘इंजिरी’ या नावाने ते जन्मापासून अंत्यविधीपर्यंत त्यांच्या घरात असते. घरातला ज्येष्ठ माणूस गेला की त्याच्या घरातल्या खोल्या आणि पलंग वंशपरंपरेच्या वस्त्रांनी सजवतात आणि त्यांत ही भारतीय कापडे मानाने मांडली जातात. त्याहून विलक्षण म्हणजे कालाबारी स्त्रिया त्या चौकडीतले काही धागे पात्याने कापून ओढून काढतात आणि कापडात जाळीदार, सावलीसारखी नक्षी आणतात. त्याला ‘पेलेते बिते’ म्हणतात. विणलेले कापड आपल्याकडून गेले, पण कापून काढण्याची कल्पना सर्वस्वी त्यांची. आणि ते वस्त्र पाहणाऱ्या कालाबारी माणसाला ते परके वाटत नाही. त्याच प्रदेशात आणि इग्बो समाजात लग्नसमारंभांत नेसले जाणारे भरजरी ‘जॉर्ज’ कापड आजही भारतातून जाते.

आज जे झगमगीत छापील कापड ‘आफ्रिकी’ म्हणून ओळखले जाते त्याची कथाही अशीच समुद्रापारची आहे. जावा बेटावरच्या मेणाच्या छपाईची नक्कल डच कारखान्यांनी यंत्रावर केली. त्या यंत्रावर मेणाला तडे जाऊन कापडावर रंगाच्या बारीक शिरा उमटत. त्या जावाच्या लोकांना खपल्या नाहीत, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या घानाच्या किनाऱ्यावर त्याच कापडाला मोठी मागणी आली. हेलमॉन्ड गावातला 1846 चा व्लिस्को कारखाना अजून ते छापतो. परंतु त्या नमुन्यांना नावे दिली ती बाजारातल्या विक्रेत्या स्त्रियांनी. उघड्या पिंजऱ्यातून पक्षी उडतो आहे अशा एका नमुन्याचे नाव ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’ असे आहे, आणि ते नेसून नवऱ्यासमोर उभे राहिले की वेगळे बोलावे लागत नाही. टोगोच्या लोमे बाजारात या व्यापारावर श्रीमंत झालेल्या स्त्रिया मर्सिडीज बेंझ मोटारी वापरत म्हणून ‘नाना बेंझ’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. जानेवारी 1994 मध्ये तेथील चलनाचे मूल्य निम्म्यावर आले आणि पाठोपाठ चिनी नकला आल्या, तेव्हा त्यांचे वैभव ओसरले. उगम परका आहे म्हणून हे कापड ‘खरे आफ्रिकी नाही’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मिरची आणि काजू पोर्तुगिजांनी आणले म्हणून ते गोव्याचे नाहीत, असे आपण म्हणत नाही.

आमच्या शेजारच्या नायजेरियन कुटुंबाच्या समारंभाला आम्ही गेलो होतो. सर्व नातेवाईक स्त्रिया एकाच कापडाचे कपडे आणि डोक्याला उंच, ताठ बांधणी करून आल्या होत्या. हा गणवेश असतो का? (एक वाचक भगिनी, ताळगाव)

आपण पाहिले ते ‘अशो एबी’, म्हणजे कुटुंबाचे वस्त्र. योरुबा समाजात सुरू झालेली ही प्रथा आता नायजेरियाभर आहे. यजमान कापड निवडतात, आप्त आणि मित्र ते विकत घेऊन आपापल्या पसंतीने शिवून घेतात, आणि समारंभात कोण कोणाचे आहे हे दुरूनच कळते. वधूपक्षाचे एक कापड आणि वरपक्षाचे दुसरे असेही असते. यात आपुलकी आहे तशीच सक्तीही आहे. महिन्यातून अनेक आमंत्रणे आली की खर्च पेलत नाही, अशी तक्रार नायजेरियातच वारंवार ऐकू येते. डोक्याच्या बांधणीला ‘गेले’ म्हणतात आणि ती बसवणाऱ्या व्यावसायिक स्त्रिया असतात. मोठ्या प्रसंगी ती हातविणीच्या ‘अशो ओके’ची असते, ज्यात गडद निळे ‘एतू’, किरमिजी ‘अलारी’ आणि रानरेशमाचे भुरे ‘सान्यान’ असे तीन प्रकार मानाचे समजतात. पुन्हा आमंत्रण आले तर यजमानीण बाईंना कोणते कापड ठरले आहे असे अवश्य विचारा; विचारणे तेथे शिष्टाचारालाच धरून आहे.

मी शिवणकाम करतो. पर्यटक गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेतला लांब सैल झगा शिवून मागतात. त्याचे बेतणे कसे असते? (एक वाचक, डिचोली)

आपण बहुधा सेनेगल-मालीकडच्या ‘बुबू’विषयी विचारत आहात. त्याचे बेतणे आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. मोठ्या पन्ह्याचे कापड खांद्यावर दुमडायचे, घडीवर गळा कापायचा, आणि पन्हा संपूर्ण तसाच ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा भाग हातांवर आपोआप ओघळतो. वेगळी बाही लावायची नाही. बाजू फक्त खालच्या भागात शिवायच्या, वर हात बाहेर येण्यासाठी उघड्या ठेवायच्या. पुरुषांच्या बुबूला छातीवर एक मोठा खिसा असतो. आत त्याच रंगाचा सदरा आणि सैल विजार असते. योरुबांचा ‘अग्बाडा’ आणि उत्तर नायजेरियातल्या हौसा समाजाची ‘बाब्बान रिगा’ हे याच कुळातले झगे आहेत, पण त्यांच्या गळ्या-छातीवरचे भरतकाम अधिक भारी असते. त्यांतल्या एका प्रसिद्ध हौसा नक्षीला तिच्या टोकदार आकारांवरून ‘आठ सुऱ्या’ म्हणतात. बाजूंचा जादा भाग चालताना खांद्यावर पुन्हा पुन्हा वर घेतला जातो, आणि त्या हालचालीतच त्या वेशाचा रुबाब आहे, म्हणून गिऱ्हाइकाने कितीही सांगितले तरी रुंदी कमी करू नये.

कापड म्हणून तिकडे ‘बाझें’ वापरतात. हे विणीतच नक्षी असलेले सुती दमास्क असून त्यातले उंची कापड ऑस्ट्रिया आणि जर्मनीतून येते, बामाकोत हाताने रंगवले जाते, त्याला खळ देतात, आणि मग दोन माणसे समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी ते ठोकत राहतात, तेव्हा त्याला काचेसारखी चकाकी येते. आपल्याला ते येथे मिळाले नाही तर भरपूर खळ दिलेले जाड सुती कापड चालेल. सिंथेटिक कापड मात्र अंगावर लोंबते आणि झग्याचा आकार धरत नाही. भरतकाम बेतण्याआधी गळ्याची खूण करून सपाट कापडावरच करून घ्यावे, आणि अस्तर फक्त भरतकामाच्या भागाला मागून लावावे.